मागे जुंपलेले बैल

टोयोटाचं ४ए-जीई हे इंजिन एकाच काळात दोन गाड्यांत बसत होतं. त्या दोन गाड्यांची नशिबं पाहिली की इंजिनाबद्दल बोलणं थांबवून इंजिनाच्या जागेबद्दल बोलावंसं वाटतं. १५८७ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, घडवताना यामाहाचा हात लागलेला. १९८३ मध्ये ते एई८६ या कोरोलात बोनेटखाली उभं बसलं आणि मागची चाकं फिरवू लागलं. १९८४ मध्ये तेच इंजिन आडवं करून एमआर२ नावाच्या दोनच माणसांच्या गाडीत बसवलं गेलं, सीटच्या मागे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे. चाकं इथेही मागचीच फिरत होती. पहिली गाडी ड्रिफ्टवाल्यांची, म्हणजे वळणात गाडी मुद्दाम घसरवणाऱ्यांची, लाडकी झाली. केइची त्सुचियाला 'ड्रिफ्ट किंग' म्हणतात, त्याचं नाव याच गाडीशी जोडलं गेलंय. दुसरीची ख्याती अशी, की वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचललात तर ती गरकन फिरेल आणि आलेल्या वाटेकडे तोंड करून उभी राहील.

आमच्या वाट्याला दुसरी आली.

वाट्याला म्हणजे मामाच्या. इंग्लंडमधली नोकरी संपवून मामा पुण्याला परतला तेव्हा सामानाबरोबर गाडीही आणली. कायमचं परतणाऱ्यांना सीमाशुल्क भरून स्वतःची गाडी आणता यायची. काही वर्षं त्याने ती लक्ष्मी रोडवरसुद्धा चालवली, ज्याची आज कल्पनाही करवत नाही, कारण तिच्यात बसलं की डोळे रिक्षाच्या सायलेन्सरच्या उंचीला येतात. मग प्रभात रोडच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये ती झाकून पडली. मामेभावाने मोटारस्पोर्टचं खूळ डोक्यात घेतलं आणि मी चाकणला सस्पेन्शनच्या कामात पोट भरते, एवढ्या दोन गोष्टींवर सगळा डोलारा उभा राहिला. मामाने एकच अट घातली: मूळचा एकही भाग फेकायचा नाही, आणि गाडी पुन्हा होती तशी करता आली पाहिजे. काढलेला प्रत्येक भाग खोक्यात, खोक्यावर चिठ्ठी. ही अट तेव्हा आम्हाला म्हातारपणाची वाटली. पुढे तिनेच सगळ्यात मोठं भांडण मिटवलं.

भांडण असं: मला गाडी ऑटोक्रॉससाठी हवी होती, त्याला ड्रिफ्टसाठी. दोघांनाही वाटत होतं की एकाच गाडीत दोन्ही जमेल.

ऑटोक्रॉस म्हणजे काय हे नातेवाइकांना सांगताना माझी नेहमी दमछाक होते. मोकळ्या डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानात प्लास्टिकचे कोन (शंकू) मांडून वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. कोन पाडला की वेळेत दंड, बहुतेक ठिकाणी दोन सेकंदांचा. वेग फारसा नसतो, बऱ्याचदा दुसऱ्या गिअरच्या पुढे जातच नाही. शेजारी कोणी धावत नाही. हे ऐकून लोक विचारतात, मग शर्यत कुठाय यात?

भोसरीतल्या शेडमध्ये आमचं वेल्डिंग करणारे काका मोशीचे. त्यांना मी एवढंच सांगितलं की एकेक गाडी सुटते आणि सेकंद मोजतात. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "मंग बारीच की ही!" खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या पट्ट्यातल्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा असाच सुटतो: एका वेळी एक, बाजूला प्रतिस्पर्धी कोणी नाही, समोर फक्त घड्याळ. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली तेव्हा काकांच्या घरचे बैल रिकामे झाले, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर पुन्हा गोठ्यात वर्दळ सुरू झाली, आणि मे २०२३ च्या निकालाने ती पक्की झाली. सेकंदाच्या दहाव्या भागावरून माणसं रात्रभर कशी वाद घालतात, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी मागचं झाकण उघडून आत पाहिलं, पुढे जाऊन बोनेट उघडलं, तिथे रेडिएटर आणि स्टेपनी दिसली. परत मागे आले.

"ताई, बैल मागं जुंपल्यात व्हय?"

एन्झो फेरारीचा आक्षेप अगदी हाच होता, असं सांगतात: बैल गाडी ओढतात, ढकलत नाहीत. त्याच्या गाड्यांची इंजिनं पुढे होती तोवर कूपर नावाच्या एका छोट्या इंग्लिश कारखान्याने ड्रायव्हरच्या पाठीमागे इंजिन बसवलेली गाडी आणली आणि जॅक ब्रॅबहॅम तिच्यातून १९५९ आणि १९६०, अशी लागोपाठ दोन वर्षं फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. १९६१ चं अजिंक्यपद फेरारीने जिंकलं, ते इंजिन मागे नेऊनच. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "जिंकला ना? मंग कुठं का जुंपंना."

खरं तर रस्त्यावर अशी वाहनं आपल्याला रोज दिसतात, कोणी त्यांना स्पोर्ट्स कार म्हणत नाही एवढंच. मारुती ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांना. छोटा हत्तीचंही तसंच. मिड-इंजिन म्हणजे दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये इंजिन, या व्याख्येवर बोट ठेवलं तर मार्केट यार्डात कांदे उतरवणारी निम्मी वाहनं तशीच ठरतील.

तर जागेने फरक का पडतो? गाडी वळते म्हणजे दोन गोष्टी एकदम होतात. ती वाटेने वळते आणि स्वतःभोवतीही फिरते. स्वतःभोवती फिरण्याला जड वस्तू विरोध करतात, आणि तो विरोध मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. समजा सव्वाशे किलोचं इंजिन गाडीच्या वजनाच्या मध्यबिंदूपासून १.२ मीटरवर आहे. तेच ०.६ मीटरवर आणलं तर अंतर निम्मं होतं, पण त्याचा विरोध चौथाईवर येतो. म्हणून कोनांच्या ओळीतून डावी-उजवी करत जाताना, म्हणजे ज्याला स्लॅलम म्हणतात त्यात, ही गाडी दिशा बदलायला वेळच घेत नाही. पॉवर स्टिअरिंग नाही, पण नाक इतकं हलकं की तळहातांना पुढच्या टायरची कुरकुर थेट कळते. पहिल्यांदा नीट चालवली तेव्हा मला वाटलं, मी वळायचं ठरवण्याआधीच ही वळतेय.

हाच गुण उलटतो तोही इथेच. जी गाडी फिरायला चटकन सुरुवात करते, ती नको असतानाही तितक्याच चटकन फिरते. त्यात एमआर२चं वजन मागे जास्त, ढोबळमानाने पुढे ४४ टक्के आणि मागे ५६. पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ४० किलोमीटरने गेलात तर टायर गाडीच्या वजनाच्या जवळपास ०.८४ पट आडवा जोर झेलत असतात. साध्या टायरची मजल इथेच संपत आलेली असते. अशा क्षणी भीती वाटून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिन ब्रेकसारखं काम करतं आणि मागच्या चाकांवरचं चाळीस-पन्नास किलो वजन पुढे सरकतं. मागची पकड अगदी नको तेव्हा कमी होते आणि जड शेपटी बाहेर पडते. पुढे इंजिन असलेल्या बऱ्याच गाड्यांत पाय उचलणं हा सावधपणा असतो. इथे तो गाडी हातची घालवण्याचा राजमार्ग आहे. वळणाआधी वेग कमी करायचा, सरळ असतानाच, आणि आत शिरल्यावर पाय हलका पण स्थिर ठेवायचा. हे कळायला एक मिनिट लागतं. घोट्याला कळायला किती लागतं ते माणसामाणसावर आहे.

यानंतरची पिढी, १९८९ साली आलेली एमआर२, या बाबतीत आणखीच बदनाम झाली. टोयोटाने पुढे तिच्या मागच्या सस्पेन्शनची भूमिती बदलली, टायर बदलले. कारखान्याला जे दुरुस्त करावंसं वाटलं ते शक्ती नव्हती, चाकं कुठल्या कोनात जमिनीला टेकतात ते होतं. मला हे वारंवार सांगावं लागतं, कारण गाडी मॉडिफाय केलीय म्हटलं की पुण्यात दोनच प्रश्न येतात. पंचविशीच्या आतला विचारतो, "किती पॉवर काढली?" पन्नाशीच्या पुढचा विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती पडतं?" दोघांनाही दोरीची गोष्ट सांगितली की त्यांचा चेहरा पडतो.

दोरीची गोष्ट म्हणजे अलाइनमेंट, चाकांचे कोन जुळवणं. आम्ही गाडी आधी एका चकचकीत दुकानात नेली, लेझर, कॅमेरे, मोठा पडदा. संगणकात या गाडीची नोंदच नव्हती. शिवाय तिथला मुलगा मामेभावाकडे बघून म्हणाला, "सर, मागच्या चाकांचं काही सेट होत नसतं." (गाडीखाली मी होते. प्रश्न माझा होता. उत्तर त्याला.) त्या मुलाचा दोष नाही. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे एकच आडवा बीम असतो, त्यात फिरवायला खरंच काही नसतं. एमआर२ला मात्र चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन (मॅकफर्सन स्ट्रट) आहे आणि मागच्या प्रत्येक चाकाला टो, म्हणजे चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय ते, बदलायची वेगळी दांडी आहे. या गाडीचा स्वभाव त्या दांडीत राहतो.

मग आम्ही शेडमधली त्यातल्या त्यात सपाट जागा शोधली, पाण्याच्या लेव्हल-ट्यूबने तपासली, जिथे खोल होतं तिथे चाकाखाली पत्र्याचे तुकडे सारले. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड ठेवून मासे पकडायची नायलॉन दोरी ताणली, दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर होईपर्यंत अर्धा दिवस गेला. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. फरक म्हणजे टो. कॅम्बरसाठी, म्हणजे चाक उभ्यात किती कललंय ते पाहायला, शेडमधल्या मिस्त्रींनी गवंड्याचा ओळंबा आणला. त्याची दोरी रिमच्या खालच्या कडेला टेकवायची आणि वरच्या कडेशी किती फट राहते ते पाहायचं. ३८० मिलिमीटर उंचीच्या रिमला अडीच अंश निगेटिव्ह कॅम्बर (वरची कड आत कललेली) हवा असेल तर फट साधारण साडेसोळा मिलिमीटर आली पाहिजे. हे गणित मी पाटीवर खडूने लिहून दिलं. मिस्त्री त्याकडे न बघता म्हणाले, "ताई, बोट जाईल एवढी." बोट जाड होतं त्यांचं, पण अंदाज बरोबर निघाला.

पुढे अडीच अंश, मागे त्याहून जरा कमी. पुढचा टो शून्य, मागचा किंचित आत. मागचा टो आत असला की वळणात शेपटी जरा उशिरा सुटते आणि सुटताना आधी कानात सांगते. पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं झुकणं आवरणारी दांडी, थोडा जाड बसवला, मागचा मूळचाच ठेवला. पुस्तकात याला अंडरस्टिअरकडे (शेपटीआधी नाक घसरण्याकडे) झुकलेली रचना म्हणतील, आणि जाणकार पोरं नाकं मुरडतील. मला मैदानात गाडीने माझ्याआधी निर्णय घ्यायला नको आहेत. टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा मारायच्या, एक फेरी मारायची, रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते पाहायचं. कडेच्या बाणाच्या खाली गेली तर हवा वाढवायची, वरच राहिली तर कमी करायची. सगळ्या प्रकल्पात पैशाच्या मानाने सर्वात जास्त फायदा या खडूने दिला.

वजनाचं म्हणाल तर फारसं काढलं नाही. मामेभावाला पुढची स्टेपनी, कार्पेट, सगळंच उपसायचं होतं. ज्या गाडीचं नाक आधीच हलकं आहे तिथून आणखी वजन काढलं की पुढच्या टायरला दाबायला उरतं काय? स्पर्धेच्या तपासणीत सुटं सामान उतरवावंच लागतं, तेवढं उतरवतो. सीट मात्र बदलली. माणूस सीटमध्ये घट्ट बसलेला नसेल तर तो स्टिअरिंगला लोंबकळतो, आणि लोंबकळणाऱ्या हातांना काही कळत नाही.

आता ड्रिफ्ट. सत्तरच्या दशकात जपानमध्ये कुनिमित्सु ताकाहाशी वळणात गाडी मुद्दाम घसरवत, इंजिनाचे फेरे वर ठेवत बाहेर काढायचा. मोटारसायकलवर जागतिक शर्यत जिंकलेला माणूस, त्याच्याकडे बघून घाटातली पोरं शिकली, त्यांच्यातून त्सुचिया आला, आणि २००० मध्ये घसरण्याला गुण देणारी डी१ ग्रां प्री ही स्पर्धा सुरू झाली. तिथे घड्याळ नाही. गाडी किती अंशांत तिरकी, धूर किती, ओळ कशी, हे परीक्षक पाहतात. ऑटोक्रॉसमध्ये घसरणं म्हणजे वाया गेलेला वेळ. ड्रिफ्टमध्ये न घसरणं म्हणजे शून्य. या दोन खेळांत एकच गोष्ट सारखी आहे, टायरवाल्याचं बिल.

ड्रिफ्टसाठी गाडीने घसरल्या अवस्थेत टिकून राहायला हवं. त्यासाठी पुढची चाकं उलट्या दिशेला भरपूर वळली पाहिजेत, म्हणून मामेभावाने पुढचे नकल, म्हणजे चाक धरून वळवणारे भाग, बदलून घेतले. स्टिअरिंगचा हात आखूड केलेले, म्हणजे रॅक तेवढाच सरकला तरी चाक जास्त वळतं. हायड्रॉलिक हँडब्रेक बसवला. मागे झिजलेले टायर. पहिल्यांदा आम्ही पावसाळ्यात प्रयत्न केला, चाकणजवळच्या एका ओळखीच्या कारखान्याच्या काँक्रीटच्या आवारात, रविवारी, परवानगी घेऊन, हेल्मेट आणि अग्निशामक नळकांडं घेऊन. पावसाळा यासाठी की ओल्या काँक्रीटवर कमी वेगात, कमी टायर खाऊन शिकता येतं. उन्हाळ्यात ड्रिफ्टसाठी टँकर मागवायचा मामेभावाने विषय काढला होता. बंगल्यात तेव्हा एकाआड एक दिवस पाणी येत होतं. मामीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

ओल्यातही गाडी हट्टाने पकड सोडेना. मागे वजन, म्हणून मागचे टायर जमिनीला चिकटलेले, आणि १६०० सीसीच्या इंजिनात त्यांना नुसत्या ताकदीने सोडवायचा दम नाही. मग हँडब्रेक. मग क्लचची लाथ. मग एकदाची शेपटी सुटली, आणि सुटली ती थांबायलाच तयार नाही. एई८६ मध्ये इंजिन पुढे असतं, ते लांबचं वजन फिरण्याला आळा घालतं आणि चालवणाऱ्याला उलटं स्टिअरिंग लावायला वेळ मिळतो. इथे तो वेळ नाही. घसरायला लागेपर्यंत ही गाडी तुमची परीक्षा पाहते, घसरल्यावर विचारत नाही. मामेभाऊ हाताने चपळ आहे, दोन-तीन सेकंद धरून ठेवतोही, मग एकतर ती झटक्यात सरळ होते नाहीतर पूर्ण फिरते. मधली अवस्था, जिच्यासाठी ड्रिफ्ट करायचं, ती तिला ठाऊकच नाही. मिड-इंजिन गाड्या ड्रिफ्ट करणारे जगात आहेत, त्यांना माझा नमस्कार. त्यांच्याकडे पुष्कळ जास्त ताकद असते, पुष्कळ जास्त स्टिअरिंग अँगल असतो आणि बहुधा मामा नसतो.

कारण प्रश्न डिफरन्शियलवर, म्हणजे इंजिनाचा जोर दोन मागच्या चाकांत वाटणाऱ्या भागावर, येऊन अडला. मूळचं डिफ साधं, ओपन. वळणात आतलं मागचं चाक हलकं झालं की सगळा जोर तिथेच वाया जातो. ड्रिफ्टमध्ये स्वस्त उपाय म्हणजे डिफ वेल्ड करून टाकणं, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार. पण ऑटोक्रॉसच्या अरुंद यू-टर्नला तसली गाडी वळतच नाही, सरळ कोनावर जाते. पुढे इंजिन असलेल्या जुन्या गाड्यांत यावर तोड असते. डिफ मागच्या अ‍ॅक्सलमध्ये वेगळं बसलेलं, चार तासांत काढून दुसरं घालता येतं, शनिवारी एक, रविवारी दुसरं. मिड-इंजिन गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफ एकाच गठ्ठ्यात असतात. डिफ गिअरबॉक्सच्या पोटात. ते बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवून फोडायचा. म्हणजे एकदाच काय ते ठरवायचं.

"दादा, वेल्ड मारू का?" काकांनी विचारलं. होल्डर हातातच होता.

मामेभाऊ हो म्हणणार होता, मी नाही म्हणणार होते. मामा खुर्चीतून म्हणाला, "वेल्ड परत निघतो का रे?" नाही निघत. विषय संपला. आम्ही प्लेटवाला लिमिटेड-स्लिप डिफ (सगळा जोर एकाच चाकाकडे वाया जाऊ न देणारा) बाहेरून मागवला, मूळचं डिफ तेल लावून खोक्यात गेलं, आणि गाडी कुणाची झाली ते त्याच दिवशी ठरलं. मामाने न्याय माझ्या बाजूने केला असं मामेभाऊ अजून म्हणतो. मामाला ऑटोक्रॉस म्हणजे काय हेही नीट ठाऊक नाही.

गाडी रस्त्यावर आणत नाही, फ्लॅटबेडवर नेतो. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. अनेक मॉडिफायवाल्यांना हा जुलूम वाटतो. मला वाटत नाही. रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जाते, तिथे शेजारीच एआरएआय आहे. १९६६ साली स्थापन झालेली संस्था, देशातली वाहनं तिथे तपासली जातात, एका ब्रॅकेटसाठी माणसं आठवडे घालवतात. आम्ही भोसरीत ओळंबा लावून केलेलं काम कितीही आवडलं तरी त्याच्यासमोरून कुणाचं पोर सायकलवर जावं असं म्हणायची माझी छाती नाही.

आणि १९ मे २०२४ नंतर तर नाहीच. त्या पहाटे कल्याणीनगरात एका महागड्या स्पोर्ट्स कारने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनियरांचा जीव घेतला, गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात होती. त्यानंतर बरेच दिवस फ्लॅटबेडवरची आमची छोटीशी चाळीस वर्षांपूर्वीच्या घडणीची गाडी बघून सिग्नलला लोक तोंड फिरवायचे. नाशिक फाट्याला एक बाई रिक्षातून वाकून म्हणाल्या, "आणखी कुणाला मारायला चाललात?" मामेभाऊ उतरून समजावू लागला, मी त्याला आत ओढलं. काय समजावणार? नव्या पुलावर रात्री गोल फिरून रील काढणारी पोरं आणि आम्ही, यांच्यातला फरक आम्हालाच दिसतो. तो त्यांना दिसेपर्यंत सांगत बसण्यापेक्षा गाडी झाकून नेलेली बरी. आता ताडपत्री टाकतो.

उरलेलं काम कंटाळवाणं आहे आणि तेच जास्त आहे. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, त्यामुळे पाण्याचे पाइप गाडीच्या पोटाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. कूलंट बदललं की कुठेतरी हवा अडकते, काटा अचानक वर चढतो, पुन्हा नाक उचलून हवा काढत बसा. मैदानात दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी उभी असते तेव्हा गरम हवेला इंजिनच्या खोलीतून बाहेर पडायला वाट नसते, म्हणून मागचं झाकण उघडून ठेवतो आणि बघे समजतात गाडी बंद पडली. सुटे भाग परदेशातून येतात, पण सगळेच नाही. बुश भोसरीतल्या टर्नरने वळून दिले, आणि पाइपाचा एक क्लॅम्प बुधवारच्या जुन्या बाजारात सापडला, कुठल्या वाहनाचा होता ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही.

मामेभावाने ड्रिफ्ट सोडलेलं नाही. आखूड हाताचे ते नकल काढून ठेवलेत, त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही. सध्या तो प्रीमियर ११८ एनई शोधतोय: इंजिन पुढे, निसानचं ११७१ सीसीचं, जोर मागच्या चाकांना, मागे सरळ अख्खा अ‍ॅक्सल आणि त्यात वेगळं डिफ, जे वेल्ड करायला कुणाची परवानगी लागणार नाही. सदाशिव पेठेत एक मिळतेय. मालक निवृत्त शिक्षक, गाडी स्वतः धुतात. मी सोबत गेले होते. त्यांनी चहा दिला, आरसी बुक दाखवलं, १९९१ पासूनच्या सर्व्हिसिंगची वही दाखवली, आणि मग विचारलं, "रोज वापरणार ना? उभी राहिली की खराब होते ती."

मामेभाऊ म्हणाला, "हो काका, वापरणार."

"कशासाठी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहीतली पानं उलटत राहिले. काका म्हणाले, विचार करून सांगतो. अजून फोन आलेला नाही.